पोर्ट ४००० वरून आलेला निरोप

सोमवार, ८ मार्च २००४

दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधली भोकं हुडकणं हा कॅलिफोर्नियातल्या ई-आय डिजिटल सिक्युरिटी या कंपनीचा धंदा. २००१ साली ‘कोड रेड’ या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, म्हणजे वर्मने, मायक्रोसॉफ्टचे वेब सर्व्हर ज्या भोकातून पोखरले, ते भोकही आधी याच मंडळींच्या नजरेला पडलं होतं. आज सापडलेलं मात्र अवघड जागेचं दुखणं आहे. घुसखोर ओळखून त्यांना दारातच अडवावं म्हणून लोक पैसे मोजून जे सॉफ्टवेअर घेतात, त्यातच ते आहे. नावं ‘ब्लॅक-आइस’ आणि ‘रिअल-सिक्युअर’. बनवणारी कंपनी अटलांटाची, इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स. तिला सगळे आयएसएस म्हणतात, आणि बाजारात ती ई-आयची स्पर्धकच आहे.

ही उत्पादनं यंत्राकडे येणारं प्रत्येक पॅकेट उघडून वाचतात. वाचण्याचं काम त्यांच्यातल्या एकाच भागाकडे सोपवलेलं असतं, त्याचं नाव प्रोटोकॉल अ‍ॅनालिसिस मॉड्यूल, थोडक्यात पॅम. वेब, मेल, फाइलींची देवघेव, चॅट अशा सगळ्यांची बोली पॅमला येते. हल्ला ओळखायचा तर समोरचा काय बोलतोय ते आधी समजायला हवं, हा त्यामागचा विचार, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

त्या बोलींपैकी एक आयसीक्यूची. आयसीक्यू म्हणजे मिराबिलिस या इस्रायली कंपनीने १९९६ मध्ये काढलेली चॅटची सोय. १९९८ मध्ये ती एओएलने विकत घेतली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडच्या सायबर कॅफेंतही तिचं हिरवं फूल पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचं. आयसीक्यूचा सर्व्हर यूडीपीच्या ४००० क्रमांकाच्या पोर्टवरून उत्तरं पाठवायचा. म्हणून पॅम लिहिणाऱ्यांनी सरळ हिशेब केला: जे पॅकेट ४००० वरून निघाल्याचं सांगतं, ते आयसीक्यूच्या सर्व्हरचंच उत्तर.

पण पॅकेटवर ‘कुठून निघालं’ हे पाठवणाराच लिहितो. यूडीपीत आधी ओळखपाळख होत नाही, हात मिळवणं नाही. एक पॅकेट टाकलं की पोचलं. तेव्हा जगातल्या कुणीही ४००० लिहून पाठवलेलं पॅकेट पॅम आयसीक्यूचं समजून वाचायला घेणार. त्या यंत्रावर आयसीक्यू कधी बसवलेलंच नसलं तरी वाचणार. आणि वाचताना टोपणनाव, नाव, ईमेलचा पत्ता हे रकाने स्मृतीतल्या ठरावीक मापाच्या जागेत उतरवून घेणार. किती मोठं नाव आलंय, हे मात्र मोजणार नाही. नाव जागेपेक्षा लांब निघालं तर ते शेजारच्या जागेत सांडतं. शेजारी काय असतं? हे काम संपल्यावर प्रोसेसरने कुठे परतायचं तो पत्ता. तो पत्ता आपल्याला हवा तसा बदलला की पाठवलेली अक्षरंच प्रोग्रॅम होऊन चालायला लागतात.

हे झालं भोक. ई-आयने ते आयएसएसला कळवलं.

मंगळवार, ९ मार्च

आयएसएसने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती काढली. एका दिवसात! या धंद्यात महिनोन् महिने चालढकल करणारे पाहिले की याचं कौतुक वाटतं, आणि पुढे जे झालं त्याचा दोष आयएसएसच्या आळसावर टाकता येत नाही. अपराध आधीचा आहे. चौकीदाराला जगातली प्रत्येक बोली शिकवताना त्याला कितपत अधिकार द्यायचे, हा प्रश्न तेव्हा कुणी धड विचारला नाही.

गुरुवार, १८ मार्च, सकाळ: सुमारे ३६ तास शिल्लक

भोकाची माहिती जाहीर झाली. ढोबळ वर्णन, कुठली उत्पादनं, कुठल्या आवृत्त्या. हल्ल्याचा आयता कोड त्यात नव्हता. दुरुस्तीचा पॅच तयार, माहिती संयत. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सगळं चाललेलं.

मग यंत्रं सांभाळणारी माणसं त्याच दिवशी का उठली नाहीत? कारण तोवरच्या अनुभवाने त्यांना वेगळं कॅलेंडर शिकवलं होतं. जानेवारी २००३ मध्ये आलेल्या ‘स्लॅमर’ वर्मने वापरलेल्या भोकाचा पॅच जुलै २००२ मध्येच निघालेला, म्हणजे सहा महिने हातात होते. कोड रेडला महिना लागला. ऑगस्ट २००३ चा ‘ब्लास्टर’ पॅचनंतर २६ दिवसांनी आला. मुदत घटत चालली होती हे खरं, पण तरी ती आठवड्यांच्या भाषेत मोजायची गोष्ट होती. गुरुवारी सूचना वाचायची, पुढच्या आठवड्यात एका यंत्रावर पॅच घालून पाहायचा, मग बाकीच्यांवर चढवायचा. हाच तेव्हाचा शिरस्ता.

शिवाय ज्यांच्याकडे ब्लॅक-आइस होतं ती माणसं निष्काळजी नव्हतीच. बाकीचे उघड्यावर बसलेले असताना यांनी खिशात हात घालून संरक्षण विकत घेतलं होतं. वर्मच्या इतिहासात आजवर झोडपले गेले ते बेफिकीर, आळशी, अडाणी. या खेपेला पाळी दक्ष माणसांची होती.

शुक्रवार, १९ मार्च, दिवसभर

कुठेतरी कुणीतरी कामाला बसलेलं आहे. एकटा की दोघे-चौघे, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी काय लिहिलं ते मात्र नंतर अनेकांनी अक्षर अन् अक्षर उलगडून पाहिलं, म्हणून त्याबद्दल बोलता येतं.

सगळा कोड मिळून ६३७ बाइट. देवनागरीतला हा एवढा परिच्छेदसुद्धा संगणकात त्याहून जास्त जागा खातो. तेवढ्यात घुसायची युक्ती, पसरायची युक्ती आणि नासाडी, तिन्ही बसवलेली. पॅकेट निघाल्याचं पोर्ट ४०००, कारण त्याशिवाय पॅम फसणार नाही. पोचण्याचं पोर्ट मात्र दर वेळी वेगळं, म्हणजे ‘अमुक पोर्ट बंद करा’ म्हणायची सोय उरू नये. पॅकेटची लांबीही ७९६ ते १३०७ बाइटच्या मध्ये कुठलीही, उरलेली जागा यंत्राच्या स्मृतीत जे सापडेल ते भरून पुरी केलेली. फिल्टर लावणाऱ्यांचे हात बांधायचे कसे, याचा नीट विचार केलेला दिसतो. मध्येच एक मजकूर पेरलेला: ‘(^.^) इन्सर्ट विटी मेसेज हिअर (^.^)’. म्हणजे, काहीतरी चटकदार इथे टाका. त्यावरून वर्मचं नाव पडलं ‘विटी’.

असा कोड लिहिणाऱ्याला अशी मस्करी सुचते, याचा राग येतो. पण कारागिरी वाईट म्हणता येत नाही. ३६ तासांत, ढोबळ वर्णनावरून भोकाची नेमकी जागा हुडकायची, त्यातून चालणारा हल्ला बनवायचा, तो तपासायचा आणि पहिल्याच फटक्यात यशस्वी करायचा. एक तर माणूस असामान्य, नाहीतर त्याला गुरुवारच्या आधीपासून काही ठाऊक होतं. दोन्ही शक्यता सारख्याच अस्वस्थ करणाऱ्या आहेत.

रात्री ८:४५

वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची. अटलांटात पावणेबारा झालेत, आठवडा संपलेला, कार्यालयांत चिटपाखरू नाही. आपल्याकडे शनिवारची सकाळ, सव्वादहा. दुसऱ्या दिवशी पाडवा.

पहिल्या दहा सेकंदांत ११० यंत्रं बाधित झाली. अर्ध्या मिनिटात १६०.

या आकड्यांनी तज्ज्ञ ताडकन उठून बसले. आंधळेपणाने पत्ते चाचपत जाणारा वर्म एका यंत्रावरून निघाला तर दहा सेकंदांत ११० शिकारी करणं निव्वळ अशक्य. सॅन दिएगोतल्या ‘केडा’ (CAIDA) या संशोधन-गटाच्या कोलीन शॅनन आणि डेव्हिड मूर यांनी पुढे त्याची शक्यता मांडली: एकावर ६०७ शून्यं दिली तर तेवढ्यात एकदा, किंवा त्याहूनही कमी. म्हणजे हे योगायोगाने झालेलं नाही. सोडणाऱ्याच्या हातात सुरुवातीलाच पत्त्यांची यादी तयार होती. कुठल्या यंत्रावर आयएसएसचं सॉफ्टवेअर आहे, ते त्याला आधीच माहीत होतं. इतकी आखीव सुरुवात तोवर कुठल्याच वर्मने केलेली नव्हती.

शॅनन आणि मूर यांना हे दिसलं कसं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेकडे इंटरनेटच्या पत्त्यांचा एक प्रचंड पट्टा होता, एकूण पत्त्यांच्या २५६ व्या हिश्शाएवढा, आणि तो जवळपास ओसाड. तिथे कुणाचं यंत्र नाही, त्यामुळे तिथे कुणी काही पाठवण्याचं कारण नाही. जे येतं ते भरकटलेलं किंवा वाईट हेतूने चाचपडणारं. तिथे नुसतं ऐकत बसायचं. त्याला ते दुर्बीण म्हणतात. पावणेनऊपासून त्या दुर्बिणीत ४००० वरून निघालेल्या पॅकेटांची रीघ लागली.

८:४६ ते ९:३०

यादी संपली, आता वर्म आपल्या आपण पसरतोय. हिशेब करून पाहिला तर गंमत कळते. इंटरनेटचे (आयपीव्ही-४) पत्ते सव्वाचारशे कोटींहून अधिक. त्यात भोक असलेली यंत्रं जेमतेम बारा हजार. म्हणजे साडेतीन लाख पत्ते खटखटवावेत तेव्हा एक दार उघडणार. बाधित यंत्र सरासरी सेकंदाला ३५७ पॅकेटं सोडत होतं, तेव्हा एका यंत्राला एक नवं गिऱ्हाईक मिळायला सोळा-सतरा मिनिटं. संथच म्हणायचं. पण सुरुवातीला एकाऐवजी दीडशे यंत्रं कामाला लावलेली असली की संथपणाची भरपाई होऊन जाते.

स्लॅमरने पाऊण लाख यंत्रं धरली होती, कोड रेडने साडेतीन लाखांवर. त्यांच्यापुढे बारा हजार म्हणजे किरकोळ. तोवर असं धरून चालत की वर्म फोफावायला लाखो सारखी यंत्रं लागतात, म्हणून ज्याचा वापर थोडे लोक करतात ते सॉफ्टवेअर आपोआप सुरक्षित. त्या पाऊण तासात हा दिलासाही गेला.

९:३०

शिखर. भोक असलेली बहुतेक सगळी यंत्रं आता बाधित. अमेरिकेत सर्वांत जास्त, मग ब्रिटन, कॅनडा, चीन, फ्रान्स. सगळी मिळून इंटरनेटवर सेकंदाला ९० गिगाबिटहून अधिक वाहतूक ओतताहेत, एक कोटी दहा लाखांवर पॅकेटं. निम्म्याहून जास्त यंत्रं साध्या घरगुती जोडणीवरची, पण ३८ यंत्रं अशी निघाली की त्यांनी तासाभराहून अधिक वेळ सेकंदाला ८० मेगाबिटच्या वर मारा चालू ठेवला.

इथवर विटी आणि त्याचे पूर्वज यांत फार फरक नाही. स्लॅमरनेही रस्ते तुंबवले होते. यंत्र बंद करून चालू केलं, पॅच घातला की सुटका व्हायची. विटीचं खरं काम आता सुरू होतं.

९:३० ते मध्यरात्र

वर्मचं चक्र असं. यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला त्यावरून एक बीजसंख्या घ्यायची. तिच्यातून यादृच्छिक पत्ते काढत वीस हजार पॅकेटं सोडायची. मग शून्य ते सात यांतला एक आकडा निवडायचा आणि त्या क्रमांकाची हार्ड डिस्क उघडायचा प्रयत्न करायचा. त्या क्रमांकाची डिस्क नसेल तर पुन्हा वीस हजार पॅकेटं. असेल तर तिच्यावरची कुठलीही एक जागा धरायची, ६५ हजार बाइट तिथे खरडायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून.

खरडायचं काय? वर्मजवळ स्वतःचा मजकूर तेवढा नाही. तो घेतो पॅमच्याच फाइलीचा सुरुवातीचा भाग, जो स्मृतीत आयता पडलेला आहे. कुणाच्या हिशेबाच्या वहीवर, कुणाच्या फोटोंवर, कुणाच्या विंडोजच्या गाभ्यावर त्या रात्री चढत होता तो सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा कोड. कुंपणाने शेत खाण्याचं याहून शब्दशः उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

एकच डिस्क असलेलं सरासरी यंत्र धरलं तर वीस हजार पॅकेटांना लागतात ५६ सेकंद, आठात एकदा डिस्कचा क्रमांक बरोबर लागतो, म्हणजे सुमारे साडेसात मिनिटांनी एक घाव. घाव रिकाम्या जागेवर पडला तर मालकाला पत्ताही लागत नाही. फाइलींच्या अनुक्रमणिकेवर पडला तर सगळ्या फाइली असून नसल्यासारख्या. विंडोजच्या कामाच्या भागावर पडला तर निळा पडदा. सेकंदाला ११ पॅकेटं सोडणाऱ्या संथ जोडणीवर हाच घाव चार तासांनी पडायचा. ज्यांनी जास्त पैसे भरून वेगवान लाइन घेतली होती, त्यांची डिस्क आधी मेली.

आता मुद्द्याची गोष्ट. विंडोजमध्ये फाइल उघडणं वेगळं आणि डिस्कला थेट हात घालणं वेगळं. दुसरं करायला प्रशासकाचा दर्जा लागतो. एरवी हल्लेखोराची निम्मी शक्ती इथेच खर्च होते. आधी एखाद्या साध्या खात्यात शिरायचं, मग कुठलं तरी दुसरं भोक शोधून वरच्या अधिकारापर्यंत चढायचं. या चढण्याला प्रिव्हिलेज एस्कलेशन म्हणतात, आणि ते जमलं नाही म्हणून कितीतरी हल्ले अर्ध्यात मरतात. विटीला एकही पायरी चढावी लागली नाही. पॅम ज्या सेवेत चालत होतं ती यंत्रावरच्या सर्वोच्च अधिकाराने चालत होती. पॅमचा ताबा म्हणजे यंत्राचा ताबा. अनोळखी माणसाचा मजकूर उघडून वाचण्याचं काम आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या, दोन्ही एकाच हाती दिलेली होती.

ही एका कंपनीची तऱ्हा नव्हती. अँटिव्हायरस, फायरवॉल, घुसखोरी ओळखणारी साधनं यांची घडणच त्या काळी तशी होती, आणि बऱ्याच अंशी अजूनही आहे. प्रत्येक फाइल तपासायची तर प्रत्येक फाइल वाचायचा हक्क हवा, व्हायरस मारायचा तर व्हायरसपेक्षा वरचा दर्जा हवा. इथवर पटतं. पण झिप उलगडणं, मेल फोडणं, आयसीक्यूचं टोपणनाव वाचणं यासाठी तो दर्जा लागत नाही. हे वाचनाचं काम एखाद्या हात बांधलेल्या, बिनअधिकाराच्या प्रक्रियेकडे देता येतं. तिने ‘यात गडबड आहे’ एवढंच सांगावं, कारवाई दुसऱ्याने करावी. तसं न केल्याची फळं पुन्हा पुन्हा आली. मे २००६ मध्ये याच ई-आयने सिमँटेकच्या कार्यालयीन अँटिव्हायरसमध्ये थेट सिस्टिमचा अधिकार देणारं भोक दाखवलं. पॅच निघाला, तरी त्याच भोकातून त्या डिसेंबरात एक वर्म फिरला. २०१६ मध्ये गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी दाखवून दिलं की सिमँटेकचं इंजिन आवळलेल्या प्रोग्रॅम-फाइली चक्क विंडोजच्या गाभ्यात बसून उलगडतं. नुसती मेल येऊन पडली तरी पुरे, ती उघडायचीही गरज नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या डिफेंडर या अँटिव्हायरसला वेगळ्या बंदिस्त खोलीत बसवण्याची सोय जाहीर केली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये. विटीला तेव्हा साडेचौदा वर्षं होऊन गेली होती.

शनिवार, २० मार्च, सकाळी ८:४५

बारा तास झाले. बाधित यंत्रांपैकी निम्मी गप्प झाली आहेत. काही मालकांनी तोडली, काहींची वाहतूक सेवा देणाऱ्यांनी अडवली, पुष्कळशी मेली. रोगी इतक्या लवकर मारणारा वर्म फार पसरत नाही, असं जीवशास्त्राच्या धड्यावरून तोवर सांगितलं जाई. विटीने आधी सगळीकडे पोचून घेतलं आणि मग सावकाश मारलं, म्हणून तो धडा इथे लागू पडला नाही.

ज्यांच्या लक्षात आलं त्यांची पंचाईत निराळीच होती. वर्म डिस्कवर फाइल म्हणून कुठेच नव्हता, फक्त स्मृतीत राहत होता. अँटिव्हायरसने डिस्क पालथी घातली तरी हाती काही लागणार नाही. यंत्र बंद करून चालू केलं तर वर्म जातो. पण डिस्कचा महत्त्वाचा भाग गेलेला असला तर यंत्र परत चालूच होत नाही. आणि झालंच, तर नेटची तार जोडलेली असली की कुठल्याही क्षणी पुढचं पॅकेट येतं आणि पहिल्यापासून सगळं सुरू. उपाय होता तो असा: आधी तार उपटा, मग यंत्र चालू करा, दुरुस्त आवृत्ती दुसऱ्या यंत्रावरून आणा, ती घाला आणि मग तार जोडा. आणि डिस्कवर काय शाबूत आहे ते एकेक फाइल उघडून बघा. वर्मने कुठे खरडलं याची नोंद कुठेही नाही.

शुक्रवारी रात्री सुटलेल्या वर्मसाठी हे सगळं शनिवार-रविवारी करायचं होतं. सोमवारी कामावर आलेल्या अनेकांना समोर फक्त काळा पडदा दिसला.

ऑक्टोबर २००५, बर्कली

दीड वर्षाने अभिषेक कुमार, व्हर्न पॅक्सन आणि निकोलस वीव्हर यांनी एक शोधनिबंध मांडला. त्या रात्री दुर्बिणीत टिपलेली पॅकेटं, एवढंच त्यांचं भांडवल.

विटीचे यादृच्छिक आकडे मुळात यादृच्छिक नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या सी भाषेत वापरतात तेच साधं सूत्र: आधीच्या आकड्याला २१४०१३ ने गुणायचं, २५३१०११ मिळवायचे, आलेल्याचे शेवटचे ३२ बिट ठेवायचे. प्रत्येक पॅकेटसाठी चार वेळा असं करून पत्त्याचे दोन तुकडे, पोर्ट आणि लांबी काढलेली. त्यामुळे दुर्बिणीत पडलेल्या एकाच पॅकेटावरून ते पाठवणाऱ्या यंत्रातला वर्म त्या घडीला गणिताच्या कुठल्या पायरीवर होता, हे नेमकं सांगता यायचं. त्याच यंत्राचं पुढचं पॅकेट आलं की मधल्या वेळात त्याने किती सोडली तेही मोजता येई, म्हणजे त्याची लाइन किती वेगाची ते कळलं. मध्येच आकड्यांची माळ तुटून नवी सुरू झाली की समजायचं, आत्ता डिस्कवर घाव पडला. तो किती वेळा साधला त्यावरून यंत्रात डिस्क किती, हे कळलं. बीजसंख्येवरून यंत्र किती दिवस अखंड चालू होतं ते. कुणाकडून कुणाला लागण झाली, तेसुद्धा. ओसाड पत्त्यांवर बसून दूरच्या अनोळखी यंत्रांचा इतका बारीक पंचनामा करता येईल असं त्याआधी कुणी म्हटलं असतं तर मी तरी हसलो असतो.

आणि मग सापडली वर्म लिहिणाऱ्याची एकमेव चूक. पत्त्याचे दोन तुकडे जोडण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे सुमारे दहा टक्के पत्ते त्या सूत्रातून कधीच निघू शकत नव्हते. तिथल्या यंत्रांना विटीकडून लागण होणं शक्यच नव्हतं. तरी तिथली काही यंत्रं बाधित होती. त्यांना लागण झाली ती गणिताने नव्हे, हाताने, म्हणजे ती सुरुवातीच्या यादीतली. अशा धाग्यांवरून यादी उलगडत गेली, आणि तिच्यातल्या बऱ्याच यंत्रांचे पत्ते एकाच ठिकाणचे निघाले. ते ठिकाण अमेरिकेचा एक लष्करी तळ होता.

एक यंत्र त्या सगळ्यांत वेगळं वागत होतं. त्याची पॅकेटं विटीच्या सूत्राच्या कुठल्याच माळेत बसेनात. त्यावर विटी चालत नव्हता, विटी सोडणारा दुसराच प्रोग्रॅम चालत होता. तो पहिला रुग्ण. पत्ता युरोपात घरगुती ग्राहकांना नेट पुरवणाऱ्या एका कंपनीचा. यंत्र खुद्द लेखकाचं की आधी बळकावलेलं कुणा भलत्याचं, ते पत्त्यावरून ठरत नाही. मला दुसरंच जास्त पटतं, कारण इतका सावध माणूस स्वतःच्या घरातून सुरुवात करणार नाही.

अवघड प्रश्न त्या यादीचा आहे. ब्लॅक-आइस असलेलं यंत्र बाहेरून चाचपलं तर आपल्यावर काय बसवलंय ते सांगत नाही. मग लष्करी तळावरच्या कुठल्या यंत्रांवर ते आहे, हे सोडणाऱ्याला कळलं कुठून? आतल्या गोटातली माहिती असल्याशिवाय ती यादी बनत नाही, असा संशोधकांचा कल होता. आयएसएसला २००६ मध्ये आयबीएमने १३० कोटी डॉलरना विकत घेतलं. विटी लिहिणारा पकडला गेला नाही.